औषधाचा शोध विद्यापीठाचा, पैसा जनतेचा; मग परवाना एकाच कंपनीला का?

पिंपळपान (चर्चेचा प्रस्ताव)

इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी जानेवारी १९२३ मध्ये आपले पेटंटहक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. ही गोष्ट बहुधा त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते, पण मला तिच्यातला व्यवहार अधिक महत्त्वाचा वाटतो. विद्यापीठाने पेटंट नाकारले नाही, ते स्वतःच्या हातात ठेवले. कारण तसे केले नसते तर दुसऱ्या कोणीतरी ते मिळवून बाकीच्यांची वाट अडवली असती आणि निकृष्ट इन्सुलिन विकणाऱ्यांना रोखण्याचे साधनही उरले नसते. म्हणजे पेटंट हे तिथे कुलूप नव्हते, राखण होती.

अमेरिकेत १९८० साली बाय-डोल कायदा झाला आणि सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांकडे ठेवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर काय घडले ते दोन उदाहरणांतून पाहावे. एड्सवरचे स्टॅव्ह्युडीन हे औषध येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपयोगात आणले. विद्यापीठाने ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला त्याचा एकाधिकार परवाना दिला आणि त्यातून येलला वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळू लागले. २००१ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या ‘मेदसँ सां फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संघटनेने स्वस्त स्टॅव्ह्युडीन आणण्याची परवानगी येलकडे मागितली, तेव्हा ‘परवाना कंपनीला दिलेला असल्याने आमच्या हाती काही नाही’ अशा आशयाचे उत्तर आले. विद्यार्थ्यांनी आणि स्वतः प्रुसॉफ यांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनी नमली. त्याच सुमारास मुंबईच्या सिप्ला या औषधकंपनीने स्टॅव्ह्युडीनसह तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये त्या संघटनेला देऊ केला होता. आपल्याकडे तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हते, म्हणूनच ते शक्य झाले.

दुसरे उदाहरण प्रोस्टेटच्या कर्करोगावरील एन्झाल्युटामाइडचे. शोध लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला, अनुदान बरेचसे सरकारी. भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ साली त्याचा अर्ज फेटाळला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात गेले ते विद्यापीठच.

माझे म्हणणे असे, की सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या आपल्या संस्थांनी उपचारांवरील शोधांचे पेटंट अवश्य घ्यावे, पण एकाधिकार परवाना देऊ नये. आणि अगदीच द्यावा लागला तर त्याच्या अटी प्रसिद्ध कराव्यात. बाय-डोलच्या धर्तीवरचे विधेयक आपल्या राज्यसभेत २००८ साली मांडले गेले होते व २०१४ साली मागे घेतले गेले. ते गेले याचे मला दुःख नाही. मात्र त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, याची चिंता वाटते.

कृष्णाकाठ

मी औषधनिर्मितीच्या विकास विभागात वीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून ठेवतो. आपला प्रस्ताव वाचताना असे वाटते, की प्रयोगशाळेत औषध तयार होते आणि कंपनी ते फक्त विकते. प्रत्यक्षात विद्यापीठातून येतो तो एक रेणू आणि उंदरांवरचे काही आलेख. त्यानंतर विषारीपणाच्या चाचण्या, स्थिर दर्जाचे उत्पादन, माणसांवरच्या तीन टप्प्यांच्या चाचण्या, नियामकापुढची कागदपत्रे, आणि या वाटेवर बहुतेक रेणू गळून पडतात. जो पैसा घालणार त्याला ‘तुम्ही यशस्वी झालात तर दुसऱ्या दिवशी शेजारचा कारखानाही तेच विकेल’ असे सांगितले, तर तो पैसा घालणार नाही, आणि रेणू विद्यापीठाच्या शीतकपाटात राहील. रुग्णाच्या दृष्टीने महाग औषधापेक्षा अस्तित्वातच नसलेले औषध अधिक वाईट आहे.

इन्सुलिनचीही उरलेली हकीकत सांगायला हवी. टोरांटोच्या लोकांना मोठ्या प्रमाणावर खात्रीचे इन्सुलिन बनवता येईना, म्हणून १९२२ साली त्यांनी एलाय लिली कंपनीशी करार केला आणि अमेरिकेसाठी तिला एक वर्षाचा एकाधिकार दिला. शुद्धीकरणाचा अवघड प्रश्न सुटण्यात लिलीच्या रसायनज्ञांचा मोठा वाटा आहे. पेनिसिलिनच्या बाबतीत तर ऑक्सफर्डमध्ये त्यावर काम करणारे शास्त्रज्ञ अर्न्स्ट चेन पेटंट घ्या म्हणून आग्रह धरत होते आणि वरिष्ठांनी ते अनैतिक ठरवले; पुढे उत्पादनपद्धतीची पेटंटे अमेरिकेत घेतली गेली.

बाय-डोलच्या आधी अमेरिकी सरकारकडे सुमारे २८,००० पेटंटे पडून होती आणि त्यांतली पाच टक्क्यांहून कमी परवान्यावर गेली होती. सर्वांचे असलेले कोणीच हाती घेत नाही.

पिंपळपान

कृष्णाकाठ, लिलीच्या एका वर्षाची आठवण आपण दिलीत हे बरे झाले, कारण तेच माझ्या बाजूचे उदाहरण आहे. एक वर्ष! ते संपताच टोरांटोने इतर उत्पादकांना परवाने दिले. वीस वर्षांचा सर्वंकष एकाधिकार आणि मुदत, प्रदेश व काम ठरवून दिलेली सवलत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माझा विरोध पहिल्याला आहे, आणि प्रस्तावात ते मी पुरेसे स्पष्ट केले नव्हते.

२८,००० चा आकडा या विषयावर नेहमी पुढे येतो, पण त्या पेटंटांपैकी फार मोठा भाग संरक्षण खात्याच्या कंत्राटांतला होता आणि तिथल्या कंत्राटदारांना हवे असते तर हक्क आधीच स्वतःकडे ठेवता आले असते. ज्यात त्यांनाच बाजार दिसला नाही ते उरले. त्यावरून विद्यापीठातल्या औषधांविषयी निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

एकाधिकाराशिवाय कोणी पुढे येत नाही, या म्हणण्याला पुण्यातूनच उत्तर आहे. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरील ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. प्रथिनाशी शर्करा जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आले, मोठे धर्मादाय अनुदान चाचण्यांसाठी मिळाले, आणि डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवण्याची अट प्रथमपासून मान्य केलेली होती. २०१० च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले. आधी किंमत ठरली, मग तंत्रज्ञान दिले गेले, हा क्रम मला मोलाचा वाटतो.

तळटीप

मी पेटंट अर्जांचे काम करते. चर्चा थोडी आपल्या कायद्याच्या जमिनीवर आणावी असे वाटते, कारण ‘उपचाराचे पेटंट’ हा शब्दप्रयोग भारतात जपून वापरायला हवा. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मधील (आय) या पोटकलमानुसार माणसांवर उपचार करण्याची पद्धत, मग ती शस्त्रक्रियेची असो, औषध देण्याची असो वा निदानाची, पेटंटयोग्य शोध मानली जात नाही. पेटंट मिळू शकते ते नव्या रेणूला, मिश्रणाला, उपकरणाला किंवा उत्पादनाच्या प्रक्रियेला. अमेरिकेत पद्धतीवरही ते मिळते, आणि म्हणूनच १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवून १९९७ साली ते रद्द करवले. आपल्या घराघरांत ठाऊक असलेली गोष्ट परकीय परीक्षकाला कागदावर दाखवावी लागली. विद्यापीठाचे नाव अर्जावर आहे म्हणून शोध नवा असतोच असे नाही, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

मात्र पिंपळपान यांच्या प्रस्तावात एक व्यावहारिक उणीव आहे. परवाना कसा द्यावा यावर आपण वाद घालतो आहोत, पण आपल्या संस्थांत बहुतेक वेळा परवाना देण्याजोगे पेटंटच उरत नाही. मी पाहिलेल्या एका संस्थेत विद्यार्थिनीने तीन वर्षे खपून एक नवे संयुग तयार केले, मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून परिषदेत भित्तिपत्रक लावले, आणि आठ महिन्यांनी अर्जाचा विचार सुरू झाला. तोवर शोध जाहीर झाल्याने पेटंटसाठी लागणारे नावीन्य गेले होते. शोध जाहीर झाल्यावरही अर्ज करण्यासाठी कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती ठरावीक प्रदर्शने आणि विद्वत्सभेतले निबंधवाचन अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे, आणि परदेशी अर्जाला तिचा उपयोग होत नाही. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना अर्जशुल्कात ८० टक्के सवलत मिळते, तेव्हा पैशाची सबब फारशी उरलेली नाही. कमतरता आहे ती प्रबंध छापायला जाण्यापूर्वी एक तास बसून वाचणाऱ्या माणसाची.

निरांजन

मी कर्करोगाची शस्त्रक्रिया करतो, म्हणून तळटीप यांच्या पहिल्या मुद्द्यावरून पुढे जातो. स्तनाच्या कर्करोगात गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिडोकेन हे साधे भूल देणारे औषध टोचायचे, एवढाच बदल तपासण्यासाठी टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांत सोळाशे स्त्रियांवर चाचणी केली. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के होते, दिलेल्या गटात ९०.१ टक्के. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास. यात विकण्यासारखे काहीच नसल्याने कोणतीही कंपनी ही चाचणी करणार नव्हती. ती झाली कारण एका सार्वजनिक संस्थेने दशकभर चिकाटी धरली.

कृष्णाकाठ, अस्तित्वात नसलेल्या औषधाविषयी आपण लिहिलेत. मला ज्यांची आठवण येते ते उपचार अस्तित्वात असूनही कोणी तपासलेले नाहीत, कारण त्यांच्यावर एकाधिकार मिळणे शक्य नाही. शोधाची दिशाच पेटंटाने ठरवायची असेल तर शस्त्रक्रियेच्या वेळेतला बदल, जुन्या औषधाचा नवा उपयोग, कमी दिवसांचा किरणोपचार हे सारे मागे पडणार.

कृष्णाकाठ

निरांजन, त्या चाचणीबद्दल मला मनापासून आदर आहे आणि आपला मुद्दा मी मान्य करतो. पण लिडोकेन अनेक दशके माणसांत वापरले गेलेले औषध आहे; त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आधीच सुटलेला होता. कोऱ्या रेणूसाठी तोच मार्ग सार्वजनिक पैशाने चालायचा म्हटले, तर दर दहा अपयशांचा हिशेब विधिमंडळात कोण देणार? लेखापरीक्षक पहिल्याच अपयशाला ‘निधीचा अपव्यय’ म्हणतील. जोखीम पत्करणे हे सरकारी हिशेबाच्या स्वभावात नाही, आणि मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

मेनआफ्रिव्हॅकच्या बाबतीत ग्राहक ठरलेला होता, मागणी ठाऊक होती आणि अनुदान हातात होते. असा तिहेरी योग दुर्मीळ आहे.

मोगरा

मी या क्षेत्रातली नाही. माझ्या धाकट्या भावाला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) झाला, दोन वेळा केमोथेरपी झाली आणि दोन्ही वेळा आजार परतला. त्या काळात आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराबद्दल आम्हाला कळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत त्याची सुरुवात झाली. अमेरिकेतल्या उपचाराच्या सुमारे दहावा हिस्सा खर्च, असे सगळीकडे लिहून आले होते, आणि ते खरेच असणार. आम्हाला सांगितलेला आकडा चाळीस लाखांच्या घरात होता. आमचे घर आणि गावाकडची जमीन मिळून तेवढे होत नव्हते.

मला त्या शास्त्रज्ञांबद्दल कृतज्ञता आहे, हे आधी लिहिते, कारण त्यांनी ते केले नसते तर आशा बाळगायलाही जागा नव्हती. पण आपण सर्व जाणकार आहात म्हणून विचारते: ही संस्था आमच्या करावर चालते, रुग्णालयही आमचे, मग परवाना देताना ‘इतक्या टक्के रुग्णांना परवडणाऱ्या दरात’ अशी अट घालता येते का? आणि घातली आहे की नाही, हे माझ्यासारखीने कुठे पाहायचे?

कृष्णाकाठ

मोगराताई, आपल्या भावाविषयी वाचून फार वाईट वाटले. उत्तर देताना एक गोष्ट वेगळी काढावी लागेल. या उपचाराचा खर्च प्रामुख्याने पेटंटमुळे नाही. प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या पेशी काढून, विषाणूच्या साहाय्याने बदलून, वाढवून परत द्याव्या लागतात. म्हणजे एकेका माणसासाठी वेगळी निर्मिती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून नोव्हार्टिस या कंपनीकडे गेलेल्या याच प्रकारच्या उपचाराची किंमत २०१७ साली ४,७५,००० डॉलर ठेवली गेली. आपल्याकडे ती उतरली ती शोध आणि निर्मिती दोन्ही इथे झाल्यामुळे, आणि शोधकांनी स्वतः कंपनी उभारून जोखीम घेतल्यामुळे. उत्पादन वाढेल तशी किंमत आणखी खाली यावी.

अट घालता येते, पण परवाना देण्याच्या दिवशी खर्च किती येणार हे कोणालाच ठाऊक नसते. किमतीचा आकडा तेव्हाच लिहिला, तर एक तर तो निरुपयोगी इतका मोठा असेल किंवा कंपनी सही करणार नाही.

पिंपळपान

आकडा लिहू नका, रीत लिहा, असे माझे यावर म्हणणे आहे. खर्चाचा हिशेब दर दोन वर्षांनी संस्थेला दाखवावा, सार्वजनिक रुग्णालयांसाठी वेगळा दर असावा, आणि ठरलेल्या मुदतीत उपचार पुरेशा रुग्णांपर्यंत पोहोचला नाही तर दुसऱ्या उत्पादकाला परवाना देण्याचा हक्क संस्थेकडे राहावा. अमेरिकेच्या कायद्यात सरकारला असा हस्तक्षेपाचा हक्क आहे, पण चार दशकांत तो एकदाही वापरला गेला नाही. एन्झाल्युटामाइडसाठी केलेली विनंतीही मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. म्हणून तो हक्क सरकारच्या मर्जीवर न ठेवता करारातच, तारखेसह लिहावा. आपल्याकडे अनिवार्य परवान्याची, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या उत्पादकाला परवाना देण्याची, तरतूद आहे आणि २०१२ साली नॅटको या भारतीय कंपनीला मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील औषधासाठी तो मिळालाही, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० च्या आसपास आला. पण खटला लढणारी कंपनी असेल तरच तो मार्ग उघडतो. पेशी-उपचारात असा स्पर्धक कुठून आणणार?

कृष्णाकाठ

हिशेब दाखवण्याची अट मला मान्य आहे. सार्वजनिक रुग्णालयांचा वेगळा दरही. मात्र ‘पुरेसे रुग्ण’ म्हणजे किती, हे परवाना देताना कोण ठरवणार, या प्रश्नावर मी अजून अडून आहे. गुंतवणूकदार नेमके तेच वाक्य वाचून उठून जातो, हे मी समोर बसून पाहिले आहे.

तळटीप

मोगराताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले. संस्था आणि कंपनी यांच्यातला करार आज कुठेही आपोआप प्रसिद्ध होत नाही. प्रत्येक पेटंटधारकाला आपला शोध भारतात वापरात आहे की नाही याचे निवेदन नमुना २७ मध्ये द्यावे लागते. पूर्वी ते दरवर्षी होते, २०२४ च्या नियमांनी तीन आर्थिक वर्षांतून एकदा झाले. त्यात परवान्याच्या अटी नसतात. सार्वजनिक संस्थेकडे माहितीच्या अधिकाराखाली कराराची प्रत मागता येते. व्यापारी गुपिताच्या कारणाने ती नाकारली जाण्याची शक्यता मोठी आहे, पण व्यापक जनहित दाखवता आले तर ते कारण बाजूला ठेवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. आपली इच्छा असेल तर अर्जाचा मसुदा मी लिहून देते.

मोगरा

जरूर द्यावा. भावाचे कागद माझ्याकडे सगळे लावून ठेवलेले आहेत.