शब्दचर्चा : राउटरची ‘बॅकअप लिंक’ राखीव, पर्यायी की पूरक?

प्रश्न

लातूर जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही राउटरच्या प्रात्यक्षिकांची मराठी टिपणे तयार करत आहोत. त्यांपैकी एक धडा डायल-अप बॅकअपचा आहे. मुख्य लीज लाइन (भाड्याने घेतलेली कायमची जोडणी) बंद पडली की शाखेतील राउटरने मोडेमला नंबर लावायला सांगायचे आणि साध्या टेलिफोनच्या तारेवरून मुख्यालयाशी संपर्क जोडायचा, असा त्याचा विषय आहे. जुन्या टिपणांत ‘बॅकअप लिंक’ला कुठे ‘पर्यायी दुवा’ तर कुठे ‘राखीव दुवा’ म्हटले आहे, आणि ‘इंटरेस्टिंग ट्रॅफिक’चे भाषांतर चक्क ‘मनोरंजक वाहतूक’ असे झाले आहे. कोणते शब्द ठेवावेत?

उत्तर १

‘राखीव’ ठेवावा, असे माझे मत आहे. हा शब्द आपल्या भागात कोणालाही परका नाही, कारण राज्य राखीव पोलीस दलाचे गट जालन्यात आणि हिंगोलीत आहेत. गरज पडेपर्यंत हाताशी तयार ठेवलेले, हा त्याचा अर्थ येथे नेमका बसतो. सिस्को कंपनीच्या राउटरवर मुख्य इंटरफेसखाली (मुख्य लाइन जिथे जोडलेली असते त्या जोडणीबिंदूखाली) ‘बॅकअप इंटरफेस’ ही आज्ञा दिली की दुसरा इंटरफेस ‘स्टँडबाय’ अवस्थेत जातो, आणि मुख्य लाइन चालू असेपर्यंत त्यावरून काहीही जाऊ शकत नाही. ‘पर्यायी’ रस्ता मात्र मुख्य रस्ता सुरू असतानाही वापरता येतो, म्हणून तो शब्द येथे दिशाभूल करतो.

तथापि ‘बॅकअप लोड’ नावाची आज्ञाही आहे. मुख्य लाइनवरील भार ठरावीक टक्क्यांच्या वर गेला की तिच्यामुळे दुसरी लाइन पहिलीच्या जोडीला उभी राहते. त्या ठिकाणी ‘पूरक’ म्हणणे अधिक योग्य होईल. ‘बॅकअप डिले’ या आज्ञेत दोन आकडे द्यावे लागतात, आणि टिपणात त्यांना ‘उचल-विलंब’ व ‘परत-विलंब’ अशी वेगळी नावे द्यावीत. वळवाच्या पावसात लाइन क्षणात जाते आणि क्षणात येते; अशा वेळी राउटरने दर खेपेस फोन लावू नये म्हणून पहिला आकडा असतो, तर परत आलेली लाइन खरोखर टिकते की नाही हे पाहण्यासाठी दुसरा.

उत्तर २

‘मनोरंजक’ हा शब्द तातडीने काढावा. येथे ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे ज्या पॅकेटसाठी (माहितीच्या तुकड्यासाठी) फोन लावणे योग्य आहे असे राउटरला सांगून ठेवले आहे, ते पॅकेट. त्यासाठी ‘दखलपात्र’ हा शब्द कायद्याच्या मराठीत तयारच आहे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून कारवाई करतात, तसा दखलपात्र पॅकेट दिसताच राउटर स्वतःहून नंबर लावतो. ‘अदखलपात्र’ पॅकेट अडवले जातात, असा मात्र विद्यार्थ्यांचा समज होऊ देऊ नये, कारण लाइन जोडलेली असेल तर तेही त्यावरून जातात. फक्त त्यांच्यासाठी नवा फोन लावला जात नाही आणि निष्क्रियतेचे घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. हे घड्याळ मुळात 120 सेकंदांचे असते आणि ते संपले की राउटर फोन ठेवतो. ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची एक पद्धत) हिचे, शेजारी जिवंत आहे हे कळवणारे हॅलो पॅकेट बिंदू-ते-बिंदू जोडणीवर दर 10 सेकंदांनी निघतात, त्यामुळे ते चुकून दखलपात्र ठरले तर फोन कधीच ठेवला जाणार नाही आणि टेलिफोनचे बिल पाहून लेखापाल विभाग हादरेल. दखलपात्रतेची यादी ‘डायलर-लिस्ट’ने ठरते आणि ‘डायलर-ग्रुप’ने ती इंटरफेसला जोडली जाते, हे त्याच परिच्छेदात सांगून टाकावे.

उत्तर ३

वरील दोन्ही सूचना मान्य आहेत, परंतु ‘राखीव’ची जी व्याख्या पहिल्या उत्तरात आली, ती एकाच पद्धतीला लागू पडते. ‘फ्लोटिंग स्टॅटिक रूट’च्या (हाताने लिहून मागे ठेवलेल्या मार्गाच्या) पद्धतीत कोणताही इंटरफेस स्टँडबायमध्ये जात नाही, डायलर (नंबर लावणारा इंटरफेस) तयारच असतो, आणि राखीव असतो तो मार्ग. साध्या स्टॅटिक मार्गाचा ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स’ 1 असतो, ओएसपीएफचा 110 आणि आरआयपी या तशाच दुसऱ्या पद्धतीचा 120. म्हणून राखीव मार्गाला, समजा, 200 दिला की मुख्य मार्ग राउटरच्या मार्ग-तक्त्यातून पुसला जाईपर्यंत तो वर येत नाही. त्याला ‘तरता मार्ग’ म्हणण्यास हरकत नाही, पण ‘प्रशासकीय अंतर’ हे भाषांतर टाळावे, कारण येथे किलोमीटरचाही संबंध नाही आणि प्रशासनाचाही. कोणत्या स्रोताच्या मार्गावर आधी विश्वास ठेवायचा, याचा तो क्रमांक आहे. ‘विश्वासक्रम’ म्हटले तर लहान आकडा श्रेष्ठ का, हे वेगळे समजावावे लागत नाही.

हा भेद टिपणात यायलाच हवा. फ्रेम रिलेवर (टेलिफोन कंपनीच्या स्विचमधून जाणाऱ्या सामायिक जाळ्यावर) पलीकडची शाखा तुटली तरी आपल्या बाजूचा मुख्य इंटरफेस जवळच्या स्विचशी बोलत राहतो आणि ‘अप’च दिसतो. अशा वेळी त्यावर ‘बॅकअप इंटरफेस’ लावलेला असेल तर राखीव लाइन जागीच बसून राहते. तरता मार्ग मात्र पलीकडून मार्गांची खबर येणे थांबले, आणि त्यामुळे मुख्य मार्ग गळाला, की आपोआप पुढे येतो.