मदत हवी आहे: घरचं वायफाय मोबाइलला दिसतं, लॅपटॉपला दिसतच नाही

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

मंगळवार पेठेतलं जुनं दगडी घर. फायबरचा राउटर माडीवर, लॅपटॉप खाली सोप्यात. विंडोज १०, लॅपटॉप सात वर्षांचा. वायफायच्या यादीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची पाच-सहा नावं दिसतात, आमचंच दिसत नाही. मोबाइल आणि टीव्ही त्याच वायफायवर व्यवस्थित चालतात. लाईट जाऊन आली की कधी आपोआप दिसायला लागतं, दोन दिवस चालतं. पुन्हा लाईट गेली की गायब.

करून झालेलं: दोन्ही रीस्टार्ट, वायफायचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, नेटवर्क रीसेटही मारला. मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला लगेच जोडतो. दुकानदार लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड बदला म्हणतोय. बदलू का?

प्रतिसाद १

कार्डाला हात लावू नका. शेजारची नावं दिसतायत, हॉटस्पॉट जोडतोय, म्हणजे कार्ड, अँटेना, ड्रायव्हर तिन्ही शाबूत आहेत.

'वायफाय लागत नाही' यात तीन वेगळे आजार असतात. नाव दिसतच नाही, तर गोष्ट बँड (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा) किंवा चॅनलची (त्या पट्ट्यातली क्रमांकाची वाट). नाव दिसतं पण जोडत नाही, तर पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार. जोडलं पण नेट नाही, तर आयपी पत्ता (राउटर प्रत्येक यंत्राला देतो तो क्रमांक); तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. तुमचा आजार पहिला. नेटवर्क रीसेटने इथे काही होत नाही, उलट साठवलेले सगळे पासवर्ड जातात.

तीन गोष्टी सांगा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' (netsh wlan show drivers) ही आज्ञा देऊन 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' पुढे काय येतं? मोबाइलवर वायफाय अॅनालायझर (आसपासची वायफाय आणि त्यांचे चॅनल दाखवणारं अॅप) टाकून बघा, तुमचा राउटर कुठल्या चॅनलवर आहे? आणि लॅपटॉप इथे घेतलाय की बाहेरून आणलेला?

प्रतिसाद २

दगडी भिंत दीड-दोन फुटांची असणार. आधी लॅपटॉप माडीवर नेऊन राउटरशेजारी ठेवून बघा की. अंतराचा संशय दोन मिनिटांत फिटेल.

धागाकर्ता

माडीवरही दिसत नाही. रेडिओ टाइप्समध्ये ८०२.११ बी, जी, एन एवढंच. अॅनालायझरमध्ये आमचं नाव दोनदा येतं: एक चॅनल १३, दुसरं १४९. लॅपटॉप भावानं अमेरिकेहून आणलेला.

प्रतिसाद १

सापडलं. १४९ हा ५ गिगाहर्ट्झचा चॅनल. तुमच्या कार्डाच्या यादीत ए किंवा एसी (५ गिगाहर्ट्झवर चालणारे वायफायचे प्रकार) नाही, म्हणजे ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. १४९ त्याला कधीच दिसणार नाही. मोबाइल बहुधा त्याच बँडवर बसलाय, म्हणून 'मोबाइलला चालतं' यावरून २.४ बद्दल काहीच कळत नाही.

राहिला १३. २.४ च्या बँडमध्ये भारतात १ ते १३ चॅनल चालतात, अमेरिकेत ११ पर्यंतच. तिकडच्या बाजारासाठी बनवलेली बरीच कार्डं १२ आणि १३ ऐकतच नाहीत. राउटरचा चॅनल 'ऑटो'वर असणार. लाईट येऊन तो चालू झाला की मोकळा चॅनल शोधतो. पेठेत घराला घर लागून, १, ६, ११ वर ही गर्दी. मग तो १३ वर जाऊन बसतो. कधी ६ वर बसला की तुमचे दोन दिवस सुखाचे.

आता हे करा. मोबाइल वायफायवर ठेवून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो). डब्ल्यूलॅन (वायफायची सेटिंग्ज) मध्ये २.४ च्या पानावर चॅनल ऑटो काढून १, ६, ११ पैकी अॅनालायझरमध्ये सगळ्यात कमी गर्दीचा निवडा. बँडविड्थ (चॅनलची रुंदी) २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. ४० ने शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. तिथेच २.४ ला वेगळं नाव द्या, म्हणजे कोण कुठे जोडलंय ते कळेल. सेव्ह करा. ३, ४ असले अधलेमधले चॅनल घेऊ नका, दोन्हीकडच्यांचा त्रास होतो.

धागाकर्ता

चॅनल ६ केला, नाव लगेच दिसलं! पण पासवर्ड टाकला की 'कॅनॉट कनेक्ट टू धिस नेटवर्क'. पासवर्ड बरोबर आहे, मोबाइलवर तोच चालतो.

प्रतिसाद ३

हा दुसरा आजार. त्याच पानावर सुरक्षा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड' (जुनी आणि नवी दोन्ही सुरक्षा एकत्र) असेल. कागदावर मिक्स्ड जुन्यांनाही चालायला हवं, पण जुने ड्रायव्हर त्यात गोंधळतात. २.४ पुरतं 'डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस' करा. टीकेआयपी (जुनी कूटपद्धत) अजिबात नको, त्यात ८०२.११ एनचा वेग मिळत नाही. मग लॅपटॉपवर ते नाव 'फरगेट' करून नव्याने जोडा.

धागाकर्ता

जोडलं! राउटर चार वेळा बंद-चालू केला, दर वेळी लागलं. सोप्यात वेग कमी आहे, ५ गिगाहर्ट्झचा यूएसबी अॅडॉप्टर घेऊ का?

प्रतिसाद २

त्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ २.४ पेक्षाही कमी उतरतं, पैसे वाया जातील. त्यापेक्षा माडीवरून जिन्याच्या कडेनं कॅट-६ केबल खाली आणा आणि एखादा जुना राउटर सोप्यात लावा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, केबल वॅन (इंटरनेटच्या) नव्हे तर लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) भोकात खोचा. त्याचा चॅनल ११ ठेवा, वरचा ६ आहेच.