घरच्या आंबट बिअरला जुनं लाकडी पिंप हवंच का? माझं मत: नको

बूचउघड्या:
स्पष्टच लिहितो, चिडायचं त्याने चिडावं. घरी 20-25 लिटरच्या बॅच करणाऱ्याने जुन्या पिंपाच्या नादाला लागूच नये. काचेचा बुधला घ्या, ओकचे मूठभर तुकडे टाका आणि वर्षभर विसरून जा. मी वापरलेलं व्हिस्कीचं 20 लिटरचं पिंप आणलं, गरम पाणी भरून फळ्या फुगवल्या, फ्लँडर्स रेडच्या, म्हणजे बेल्जियमच्या तांबड्या आंबट बिअरच्या धाटणीची बिअर भरली. चौथ्या महिन्यात चव घेतली तर अहाहा, चेरीसारखं काहीतरी आणि मागून हलका आंबटपणा, मी ग्लास घेऊन घरभर फिरलो. सातव्या महिन्यात बूच काढलं तर थेट नेलपॉलिश रिमूव्हर. सगळं बेसिनमध्ये ओतताना डोळ्यात पाणी आलं, ते दुःखाने की वासाने माहीत नाही.

आणि यात नशिबाचा काही संबंध नाही, साधी भूमिती आहे. वाइनचं नेहमीचं पिंप 225 लिटरचं असतं. त्याच्या तुलनेत 20 लिटरच्या पिंपात दर लिटरमागे बिअरचा दुपटीहून जास्त लाकडाशी स्पर्श होतो, वर छोट्या पिंपाच्या फळ्या पातळ. म्हणजे ओकची चव काही आठवड्यांतच पुरे होते, आणि ब्रेट (एक रानटी यीस्ट), पेडियोकॉकस (आंबवणारे जिवाणू) वगैरे मंडळींना बिअर मुरवायला वर्ष लागतं. लाकडाच्या हिशोबाने काढावी तर बिअर कच्ची, बिअरच्या हिशोबाने थांबावं तर फळी चावल्यासारखी चव आणि आत झिरपलेल्या हवेवर विनेगर करणाऱ्या ॲसिटोबॅक्टर जिवाणूंची चंगळ.

फळीवरफळी:
नाचता येईना पिंप वाकडं. सात महिन्यांत बूच कितीदा काढलंस ते सोयीस्कर गाळलंयस.

बूचउघड्या:
दर रविवारी. बरं, काही रविवारी दोनदा.

फळीवरफळी:
मग झालं की! अरे लाकडातून पाणी आणि अल्कोहोल हळूहळू उडत असतं, आत जागा रिकामी होते, घट्ट बूच असेल तर तिथे थोडी पोकळीच तयार होते. तू बूच काढलंस की हवा भसकन आत. वरचा पांढुरका पापुद्रा, जो निदान काही प्रमाणात हवा अडवतो, तोही तू दर आठवड्याला फोडत होतास. ॲसिटोबॅक्टरला विनेगर करायला अल्कोहोल आणि ऑक्सिजन लागतो, एक बिअरमध्ये होताच, दुसरा तू हाताने वाढलास. मग ते ॲसेटिक ॲसिड उरलेल्या अल्कोहोलशी जुळून इथाइल ॲसिटेट होतं, तोच तुझा रिमूव्हर.

चव घ्यायचीच तर खिळा मारायचा. कॅलिफोर्नियातल्या रशियन रिव्हर ब्रुअरीच्या विनी सिलुर्झोने ही युक्ती लोकप्रिय केली, म्हणून त्याला विनी नेलच म्हणतात. पिंपाच्या टोकाच्या गोल, सपाट झाकणफळीत बारीक भोक पाडून स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकायचा, चाखायचं असेल तेव्हा तो उपसायचा, बारीक धार येते, ग्लासात दोन घोट झाले की परत ठोकायचा. बुचाला हात लावायचा नाही.

छोट्या पिंपाचंही सांगतो. आंबट बिअर पहिल्याच फेरीत भरतात का? आधी दोन-तीन वेळा साधी स्टाउट (काळी, आंबट नसलेली बिअर) भरून काढायची, पहिली दोन-तीन आठवडे, पुढची जरा जास्त, त्यात व्हिस्की आणि ओकचा जोर उतरतो. मग आंबट. बाहेरून मेण चोळलं तर हवाही कमी शिरते. लाकडाचं आणि बिअरचं, तुझी दोन्ही घड्याळं अशी जुळतात.

काचेचा_बुधला:
म्हणजे एक आंबट बिअर प्यायला आधी तीन स्टाउट करायच्या, मेण चोळायचं, खिळे ठोकायचे. हा छंद आहे की सुतारकी? मी मूळ लेखकाच्या बाजूने. काचेत टाकलेले ओकचे तुकडे चव जास्त झाली की बिअर दुसरीकडे काढून तिथेच सोडता येतात. पिंप आतून सोडून देता येतं का? फक्त कुणी मध्येच प्लास्टिकची बादली सुचवू नका, ती पिंपापेक्षाही कितीतरी जास्त हवा आत घेते, वर्षभरासाठी तर नाहीच नाही.

रानटी_यीस्ट:
तुम्ही दोघं पिंपाकडे चवीची पुडी म्हणून बघताय, तिथेच घोडं अडलंय. पिंप हे घर आहे. ब्रेट लाकडाच्या छिद्रांत काही मिलीमीटर आतपर्यंत जाऊन बसतं, त्याच्या काही जातींना तर भाजलेल्या ओकमधली सेलोबायोज नावाची साखरही पचते जी साध्या बिअर यीस्टला पचत नाही. एकदा चांगलं पिंप बसलं की पुढच्या बॅचला विरजण टाकावं लागत नाही. मी अर्धी बिअर काढतो, तेवढीच ताजी भरतो, पिंप कधी रिकामं ठेवत नाही, त्यामुळे सुकून गळायचाही प्रश्न नाही.

काचेचा_बुधला:
आणि ॲसिटोबॅक्टरही त्याच छिद्रांत राहायला आला तर? त्याला घराबाहेर कसं काढणार, नोटीस देऊन? काच धुता येते हो.

रानटी_यीस्ट:
हे मान्य. विनेगरचा वास धरलेलं पिंप मी ठेवत नाही, आतून बुरशी आलेलं तर आणतच नाही. आणण्याआधी बुचाच्या भोकाला नाक लावून पाच मिनिटं बसायचं, लोक बघतात, बघू देत.

दहाजणांचं_पिंप:
आम्ही भूमितीवर उपाय म्हणून थेट 225 लिटरचंच घेतलं, दहा-अकरा जणांनी प्रत्येकी एक बॅच करून भरायचं. वाइन तीन-चार वेळा भरून झालेलं पिंप, ओक जवळपास संपलेला, म्हणजे अगदी हवं तसं. भरलं की वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास, जिथे भरलं तिथेच ते राहणार, हे ज्याच्या घरात ठेवलं त्याच्या बायकोला नंतर कळलं. आणि भरायच्या दिवशी एकाच्या बॅचला काहीतरी जळकट वास होता. ओतू द्यायची का? त्याची नाही ओतली. तो अजून आमच्याशी बोलत नाही. बिअर मात्र अप्रतिम झाली.

फळीवरफळी:
बघ, मोठ्या पिंपात होते ना.

बूचउघड्या:
मोठ्या पिंपाला मी कधी नाही म्हटलं? मी 20-25 लिटरवाल्याचं बोलतोय.

मिसळणारी:
एक राहतंय. बेल्जियममधल्या रुझेलारेच्या रोडेनबाख ब्रुअरीत प्रचंड उभ्या लाकडी पिंपांत बिअर दोन वर्षं मुरते, तरी त्यांच्या साध्या बाटलीत जुनी बिअर पाव हिस्साच, बाकी ताजी. ब्रुसेल्सकडची गझ नावाची बिअरसुद्धा एक, दोन, तीन वर्षांच्या लँबिकचं (हवेतल्या रानटी यीस्टने आंबलेल्या बिअरचं) मिश्रण. एकाच पिंपातून थेट बाटली भरायची आणि ती उत्तम निघावी ही अपेक्षाच चूक आहे. थोडा विनेगरचा चटका फ्लँडर्स रेडला शोभतो, ताज्या बिअरमध्ये मिसळून बघायचं होतं.

बूचउघड्या:
बघितलं ताई. एकास चार केलं. वीस लिटर खराब होती त्याऐवजी शंभर लिटर झाली असती, ग्लासभरावरच थांबलो म्हणून वाचलो. आंबटपणा पातळ होतो, रिमूव्हर लपत नाही.

मिसळणारी:
हो, इथाइल ॲसिटेट एवढा चढला की मग काही उपाय नाही. पण मग दोष बुचाचा, पिंपाचा नव्हे.

बूचउघड्या:
माणसाला रविवार असतात हे धरूनच भांडं निवडायला हवं असं माझं म्हणणं. काचेत निदान बाहेरून बघून मन भरतं. पिंप कोणाला हवंय का? फुकट.

रानटी_यीस्ट:
त्यात आता बिअर नकोच. मधून कापून कुंड्या कर.

नवशिका:
मी घेतो!! आणि तो खिळा साधा लोखंडी चालेल का?

फळीवरफळी:
नाही. लोखंडाची ओकमधल्या टॅनिनशी गाठ पडली की काळं होतं सगळं. स्टेनलेसच घे, भोक खिळ्यापेक्षा किंचित बारीक. आणि ते पिंप घेऊ नकोस रे बाबा, वर वाचलं नाहीस का.