तीन ठिकाणी तीन सेकंडहँड बेस गिटार: तुलना कशी करायची आणि आवाज लक्षात कसा ठेवायचा?

चौतारी विचारतात:

सेकंडहँड बेस घ्यायची आहे. तीन पर्याय आहेत. एक प्रिसिजन धाटणीची, एकच स्प्लिट कॉइल (दोन तुकड्यांचा) पिकअप असलेली; पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग. दुसरी जॅझ धाटणीची, दोन सिंगल कॉइलवाली. तिसरी स्टिंगरे धाटणीची: एक मोठा हंबकर (दोन कॉइलींचा पिकअप) आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट). तिन्ही चार तारांच्या, ३४ इंच स्केलच्या (तारेची वाजती लांबी).

तिघांचे मालक वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्यामुळे तिन्ही एका खोलीत आणणं शक्य नाही. प्रत्येकाकडचा अँप वेगळा. जॅझवर कोऱ्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा आहेत, प्रिसिजनवर जुन्या फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या). तिसरी वाजवून होईपर्यंत पहिलीचा आवाज डोक्यातून पुसला जातो. अशा वेळी नेमकं काय टिपून ठेवायचं? आणि जागेवर काय काय तपासायचं, म्हणजे नंतर पस्तावायला नको?

---

खर्ज४१:

आवाज पुसला जातो हे सगळ्यांचंच होतं. दोन आवाजांतला बारीक फरक कानाला कळतो तो ते लागोपाठ, काही सेकंदांत ऐकले तर. त्यानंतर हाती उरतात फक्त विशेषणं: भरदार, गोड, पातळ. आणि तो भरदारपणा बऱ्याचदा बेसचा नसतोच. अँप, तारा आणि तेव्हाचा व्हॉल्यूम यांचा असतो. म्हणून आठवणीच्या भरवशावर राहू नका, रेकॉर्डिंग करा, आणि तिन्ही ठिकाणी अगदी एकाच पद्धतीने करा.

सोबत न्यायचं सामान: स्वतःची एकच केबल, ट्यूनर, हेडफोन आणि गिटारसाठी हाय-झेड (जास्त रोधाचं) इनपुट असलेला छोटा ऑडिओ इंटरफेस. हे इनपुट १ मेगाओहमच्या आसपास असतं. पॅसिव्ह (बिनबॅटरीची) बेस साध्या लाइन इनपुटला लावली तर पिकअपवर भार येतो आणि वरचा आवाज दबतो. केबल एकच हवी, कारण गिटार केबलमध्ये मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारकता असते. ३ मीटरच्या जागी ६ मीटरची लावली की पॅसिव्ह बेसची चमक थोडी उतरते, अॅक्टिव्हवर (प्रीअँपवालीवर) मात्र फारसा परिणाम होत नाही. म्हणजे केबल बदलली तर जॅझ आणि स्टिंगरे यांची तुलना तिथेच बिघडली.

इंटरफेसचा गेन पहिल्या बेसवर असा लावा की सगळ्यात जोरात वाजवलेला स्वर मीटरवर -१२ डीबीच्या आसपास जाईल. त्या जागी नॉबवर खूण करा आणि पुढे हात लावू नका. एवढी मोकळी जागा ठेवली की अॅक्टिव्ह बेसचा जोरदार सिग्नलही त्यात मावतो.

आता वाजवायचं काय? मेट्रोनोम ६० वर ठेवा. आधी चारही मोकळ्या तारा, प्रत्येकी चार ठोके. मग जी तारेवर (सगळ्यात बारीक) पहिल्या फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बाराव्यापर्यंत एकेक स्वर, प्रत्येक चार ठोके, तार मध्येच मुकी न करता विरू द्यायची. हे कंटाळवाणं वाटेल पण सोडू नका, डेड स्पॉट इथेच सापडतो. बहुतेक वेळा तो जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान असतो: स्वर उमटतो आणि शेजारच्यांपेक्षा लवकर मरतो. मग एक साधा ग्रूव्ह (छोटी लयदार धून), तोच, तिन्ही ठिकाणी: एकदा बोटं नेकच्या टोकाशी, एकदा पिकअपवर, एकदा ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे). मग टोन पूर्ण बंद करून तोच ग्रूव्ह. पॅसिव्हवर व्हॉल्यूम सातवर आणून आणखी एकदा. जॅझवर दोन्ही पिकअप पूर्ण, फक्त नेकचा, फक्त ब्रिजचा, असे तीन वेगळे तुकडे घ्या. प्रीअँपच्या नॉबला मध्ये ‘टक्’ असा थांबा असेल तर सगळे मधोमध.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे सगळे तुकडे सारख्या आवाजाचे करणं. अर्ध्या डीबीच्या आत आणा. हे टाळलं तर बाकी सगळी मेहनत फुकट. कान मोठ्या आवाजात खर्जाला जास्त दाद देतो, त्यामुळे २ डीबीने मोठी असलेली बेस ‘जास्त भरीव’ वाटणारच. स्टिंगरे धाटणीची बेस अशा तुलनेत जिंकते ती बऱ्याचदा केवळ जोराच्या जोरावर.

मग कुणाला तरी फाइलींची नावं अ, ब, क अशी बदलायला सांगा आणि नुसत्या बेसऐवजी ड्रम आणि एखाद्या कॉर्डच्या वाद्यासोबत ऐका. जॅझचे दोन्ही पिकअप उघडे असताना मधला भाग थोडा खोल जातो, कारण दोन पिकअप तारेच्या दोन वेगळ्या जागा ऐकतात आणि काही स्वरांश (स्वरात मिसळलेल्या वरच्या कंपनसंख्या) एकमेकांना मारतात. एकट्याने ऐकताना हे फार सुंदर वाटतं, पण गर्दीत तीच बेस मागे सरकते. प्रिसिजनचं उलट आहे. एकटी ऐकली तर ओबडधोबड वाटते आणि बँडमध्ये आपली जागा धरून बसते. खरेदीचा निर्णय एकट्या आवाजावर घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

---

सोल्डरगन:

रेकॉर्डिंगचं वर आलंय, मी तपासणीचं लिहितो. सोबत न्या: ०.०५ ते १ मि.मी. पात्यांचा फीलर गेज (फट मोजायचं साधन), स्टीलची पट्टी, मल्टिमीटर, नवी ९ व्होल्टची बॅटरी, सामानाचा लटकता वजनकाटा.

नेकपासून सुरुवात करा, कारण बाकी सगळं बदलता येतं. बेस सुरात लावलेली हवी आणि वाजवताना धरतो तशी धरलेली हवी, मांडीवर आडवी ठेवून मापलं तर नेक वजनाने वाकते. ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेटमधली फट बघा. ०.३ मि.मी.च्या आसपास असेल तर उत्तम. शून्य किंवा १ मि.मी. असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) फिरतो का हेच पुढचं महत्त्वाचं. मालकाची परवानगी घेऊन ट्रस रॉडचा नट आधी सैल दिशेला पाव फेरी, मग परत मूळ जागी. जाम असेल, किंवा आधीच पूर्ण आवळलेला असूनही नेक पुढे वाकलेली असेल, तर ती बेस सोडून द्या. काही जुन्या धाटणीच्या नेकमध्ये हा नट बॉडीच्या टोकाला असतो आणि नेक काढल्याशिवाय फिरत नाही. तिथे जागेवर तपासता येत नाही, हे भाव ठरवताना धरा.

मग ॲक्शन, म्हणजे फ्रेटवरून तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली साधारण २.५ मि.मी. आणि जी तारेखाली २ मि.मी. हे बहुतेकांना चालतं. खरी गोष्ट मात्र सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावर) बघायची. सॅडल तळाला टेकलेली असूनही तारा उंच असतील तर नेकचा कोन चुकलेला आहे. स्क्रूने जोडलेल्या नेकमध्ये खाचेत पातळ पट्टी घालून ते सुधारतं, बॉडीतून आरपार गेलेल्या नेकमध्ये जवळजवळ नाहीच. चौदाव्या फ्रेटच्या पुढे सगळे स्वर फरफरत असतील आणि पट्टी ठेवल्यावर शेवटचे फ्रेट वर उचललेले दिसत असतील, तर नेकच्या खाचेत पट्टी घालून ते जात नाही. फ्रेट घासून समतल करावे लागतात. फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा पहिल्या पाच फ्रेटमध्ये नखाने तपासा.

मल्टिमीटर लावायचा तो केबलच्या दुसऱ्या टोकाला, टिप (प्लगचं टोक) आणि स्लीव्हमध्ये (मागचा धातूचा भाग), व्हॉल्यूम व टोन पूर्ण उघडे ठेवून. प्रिसिजनवर साधारण १० ते १२ किलोओहम. जॅझवर एकेक पिकअप ७ ते ८, दोन्ही उघडल्यावर जवळपास निम्मे, कारण ते समांतर जोडलेले असतात. २५० किलोओहमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) वाटेत असल्याने आकडा पिकअपच्या खऱ्या आकड्यापेक्षा किंचित कमी येतो, घाबरू नका. स्प्लिट कॉइलचे दोन तुकडे एकामागे एक जोडलेले असतात: एकाची तार तुटली तर सगळ्याच तारा मुक्या होतात, एक आतून शॉर्ट झाला तर फक्त ई-ए किंवा फक्त डी-जी कमकुवत होतात आणि आकडा निम्मा दिसतो. अॅक्टिव्ह बेसवर हे माप घेऊ नका, मध्ये प्रीअँप असतो.

जॅझवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की घरघर जवळजवळ नाहीशी व्हायला हवी. एक थोडा कमी केला की परत येते, तो दोष नाही. दोन्ही उघडे असतानाही घरघर तशीच असेल तर बहुधा एक पिकअप बदललेला आहे आणि तो दुसऱ्याच्या जोडीचा नाही. दोन्ही उघडल्यावर खर्जच गायब होऊन आवाज नाकातून आल्यासारखा झाला, तर एका पिकअपची फेज उलट आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होणं ठीक. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची अर्थिंगची तार तुटलेली असते, काम सोपं आहे.

स्टिंगरेमध्ये बॅटरीचा डबा उघडून हिरवा गंज बघा आणि नवी बॅटरी घालून मगच आवाजाचं मत बनवा. दमलेल्या बॅटरीवर जोरात वाजवलेले स्वर फाटतात. जॅकमध्ये केबल घातली की बॅटरी चालू होते, म्हणून केबल लावून ठेवलेली बेस बॅटरी खाऊन टाकते.

बेस जुनी आहे असं सांगून जास्त भाव मागत असतील तर पॉटवरचा आकडा वाचा. १३७७६३३ असा असेल तर १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ७६ म्हणजे १९७६, ३३ म्हणजे तेहेतिसावा आठवडा. बेस त्याच्या आधीची नाही एवढंच यातून कळतं, आणि तेही पॉटचं सोल्डर मूळचं असेल तरच.

---

पट्टीवर बोट:

आवाज टिपता, पण हाताचंही टिपा. रेकॉर्डिंगमध्ये मनगट दुखल्याचं ऐकू येत नाही. व्हर्नियरने चार मापं घ्या: नटची (हेडपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, ट्रस रॉडचा नट नव्हे) रुंदी, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर नेकची जाडी, आणि ब्रिजवर दोन तारांमधलं अंतर. जॅझचा नट साधारण ३८ मि.मी., प्रिसिजनचा ४१ ते ४४. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो, पण पहिल्या फ्रेटपाशी अर्धा तास वाजवल्यावर हात स्वतः सांगतो.

पट्टा तिन्ही ठिकाणी तोच आणि तेवढाच लांब ठेवा, उभं राहा आणि दोन्ही हात सोडा. हेड खाली झुकलं तर तो भार कायम डाव्या हातावर येणार. वजन लिहा. ४ किलो आणि ४.८ किलोची बेस बसून वाजवताना सारखीच वाटते.

जॅझसाठी आणखी एक माप: दोन पिकअपच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. ९१ मि.मी. असेल तर १९६० च्या दशकातली रचना, १०१-१०२ असेल तर १९७० च्या दशकातली, जिथे ब्रिजचा पिकअप ब्रिजकडे सरकवलेला आहे. दुसऱ्या रचनेत एकट्या ब्रिज पिकअपचा आवाज जास्त टोकदार आणि बारीक येतो. आवडीचा प्रश्न आहे, पण नंतर ‘ही जॅझ तशी का नाही’ असं वाटायला नको.

---

चौतारी:

सगळ्यांचे आभार. तारांचं कोडं राहिलंच. जॅझवर कोऱ्या राउंडवाउंड, प्रिसिजनवर जुन्या फ्लॅटवाउंड. मी माझा एकच सेट घेऊन जाऊन तिन्हींवर चढवला तर?

---

सोल्डरगन:

नको. एकदा कापून खुंटीवर गुंडाळलेली तार दुसऱ्या हेडवर नेली की वळणं वेगळ्या जागी येतात, तार तिथेच कमकुवत होते आणि कधी लांबीलाच कमी पडते. त्यात त्याच जाडीच्या फ्लॅटवाउंडचा ताण बऱ्याचदा राउंडवाउंडपेक्षा जास्त असतो. तारा बदलल्या की नेकचा बाक बदलतो आणि तो स्थिरावायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तुम्ही मापाल ते खोटं असेल. दुसऱ्याच्या बेसवर हे करणं योग्यही नाही. शिवाय जुन्या तारांवर बाराव्या फ्रेटचा सूर चुकीचा दिसला तरी लगेच ब्रिजला दोष देऊ नका. ई तारेचं सॅडल पूर्ण मागे जाऊनही स्वर चढाच असेल तरच काळजी.

---

खर्ज४१:

सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही रेकॉर्डिंगना ८०० हर्ट्झच्या वरचं कापणारा लो-पास फिल्टर लावा आणि मग ऐका. तारांच्या वयाचा फरक मुख्यतः त्याच्या वर असतो. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची आणि जी ९८ ची, त्यांचे पहिले काही स्वरांश ८०० च्या खाली आरामात बसतात. फ्लॅटवाउंड लवकर विरतात तेवढं धरून चाला. चार तारांचा समतोल, खर्जाचा आकार आणि डेड स्पॉट हे सगळं या कापलेल्या आवाजातही ऐकू येतं.

डेड स्पॉट तारेचा की नेकचा, हे जागेवरच कळतं. हेडच्या टोकाला कापडाची घडी घालून छोटा सी-क्लॅम्प लावा आणि जी तारेचे तेच स्वर परत वाजवा. मेलेला स्वर एखाद-दोन फ्रेट सरकला तर तो नेकच्या कंपनाचा आहे, तारा बदलून जाणार नाही. जागचा हलला नाही तर आधी तो फ्रेट बघा. क्लॅम्प लावलेलं आणि न लावलेलं, दोन्ही रेकॉर्ड करा आणि फाइलच्या नावातच फ्रेटचा आकडा लिहा.