मदत हवी आहे: ‘कोल्ट नेव्ही १८५१’च्या प्रतिकृतीची नवी चकाकी कशी घालवावी?

सांगलीतील आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या, १८५७ च्या साताऱ्यावरील नाटकात इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेला लावण्यासाठी ‘कोल्ट नेव्ही १८५१’ या रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती घेतली आहे. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असून नळी भरीव आहे. तिच्यातून काही उडत नाही आणि उडवायचेही नाही.

घडण वाईट नाही. अष्टकोनी नळी नेटकी आहे आणि सहा घरांच्या फिरत्या चक्रावरील आरमारी लढाईचे चित्रही (मूळ प्रसंग १८४३ च्या कांपेचेच्या लढाईचा) स्वच्छ उठले आहे. खटकते ती स्टीलच्या ताटासारखी चकाकी, आणि त्याहून जास्त मुठीची व चापाभोवतालच्या कडीची पिवळीधमक पट्टी, कारण लंडनच्या कारखान्यातील नगांवर हे भाग बहुतेक वेळा लोखंडी असत.

पोलाद काळे-निळे करणारे द्रावण लावून पाहिले; जस्तावर डागांपलीकडे काही झाले नाही. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर कडांचा मुलामा उडून पांढुरका धातू दिसू लागला. मॅट काळा स्प्रे दिला, तर गलबतांच्या शिडांच्या रेषाच बुजल्या, म्हणून तो थिनरने काढून टाकला. मूठ प्लास्टिकची असल्याने भट्टीत तापवण्याचा उपाय चालणार नाही, आणि साहित्य सांगली-मिरजेच्या बाजारात मिळणारे असावे.

तेव्हा जस्तावर धरून राहणारा कोणता प्राइमर घ्यावा, आणि त्यावर पातळ रंगाचे हात द्यावेत की ग्रॅफाइटची पूड घासावी, म्हणजे चित्र न बुजता जुन्या पोलादाचा रंग येईल व प्रयोगागणिक हाताळूनही तो सुटणार नाही?