मदत हवी आहे: स्टीमवर आमच्या गेमचं पान बघतात बरेच, विकत घेतात मोजकेच

मंडळी, इथे कोणी स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेम विकलाय का? अडलेय, जाणकारांनी वाट दाखवावी.

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून एक छोटा पझल गेम केला आणि गेल्या पावसाळ्यात स्टीमवर आणला. नाव देत नाही, उगाच जाहिरात वाटायला नको. गिरगावातली चाळ, दहा बाय दहाची खोली आणि त्यात संसार बसवायचा. कॉट, ट्रंका, शिवणयंत्र, पाण्याचं पिंप, वर पोटमाळा. पुढे पुढे माणसं वाढत जातात. गावाहून काका येतात, वहिनीचं बाळंतपण निघतं, मग गणपती. काहीही करा, पण दारापासून मोरीपर्यंत वाट मोकळी राहिली पाहिजे. वाट बुजली की आजी ओरडते. (आवाज आमच्याच आजीचा आहे, एका टेकमध्ये ओके.)

पान काही ओस पडलेलं नाही. पण शंभर जणांनी पान बघितलं तर जेमतेम एखादा घेतो, कधी तोही नाही. किंमत ३४९ रुपये, बाहेर ६.९९ डॉलर. भाऊ म्हणतो किंमत उतरव. मला ते पटत नाही, अमेरिकेतला माणूस सात डॉलरसाठी अडून बसला नसावा. गेम अडीच-तीन तासांत संपतो. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो, त्यामुळे रिफंडचा धसका होता. पण रिफंड फारसे नाहीतच. म्हणजे घेतो त्याला आवडतो, घोडं पानावरच अडतंय.

पानावर काय आहे तेही सांगते. कॅप्सूलवर (दुकानाच्या याद्यांत दिसणारं गेमचं मुखचित्र) चाळीची गॅलरी, संध्याकाळचा पिवळा उजेड आणि दांडीवर वाळणारी नऊवारी. ट्रेलर दीड मिनिटाचा: लोकलचा आवाज, आमचा लोगो, चाळीचा जिना, मग खोली. लघुवर्णन इंग्रजीत आहे, त्याचा अर्थ साधारण असा: 'गिरगावच्या एका जुन्या चाळीतल्या आठवणींमधून हळुवार फेरफटका.' टॅग कॅज्युअल, इंडी (छोट्या स्वतंत्र मंडळींचा गेम), सिम्युलेशन, अ‍ॅटमॉस्फेरिक. रिव्ह्यू सगळे चांगले, पण बहुतेक मित्रमंडळींचे, ज्यांना आम्ही फुकट 'की' (गेम मिळवायचे कोड) वाटल्या.

मध्ये एका मराठी इन्स्टा पानाने आमची रील टाकली तेव्हा भेटींचा आलेख उभाच्या उभा चढला. विक्री जागची हलली नाही.

आधी कशाला हात घालू? सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळायचं नाही.

— पोटमाळा

रात्रपाळी:

ताई, पहिल्यांदा त्या रीलची गर्दी हिशोबातून वजा करा. रील बघणारा फोनवर असतो, ट्रेनमध्ये लटकत. त्याच्याकडे गेम चालेल असा पीसी नाही, स्टीमचं खातं नाही. खाली 'मोबाईलवर कधी येणार' अशा कमेंटी असणार, पैज लावतो. स्टीमवर्क्सच्या (गेम विकणाऱ्यांसाठीची स्टीमची साइट) ट्रॅफिक अहवालात भेट कुठून आली त्याची विभागणी मिळते. बाहेरून आलेले वेगळे काढा आणि स्टीमच्या आतून आलेल्यांकडे बघा, म्हणजे शोध, डिस्कव्हरी क्यू (स्टीम एकामागून एक गेम सुचवतं ती रांग), 'मोअर लाइक धिस' (सारख्या गेमची यादी). पुढच्या वेळी कोणालाही लिंक देताना यूटीएम (भेट कुठून आली ते ओळखायची लिंकमधली खूण) जोडून द्या. त्या लिंकवरून किती विशलिस्ट (नंतर घेऊ म्हणून गेम यादीत टाकणं) आणि किती खरेदी झाली तेही दिसतं.

आता पान. तुमची पोस्ट वाचून मला गेम लगेच कळला, 'आजी ओरडते' वाचून तर घ्यावासा वाटला. तुम्ही जे पानाचं वर्णन केलंत त्यात हा गेम कुठेच नाही. नऊवारी आणि पिवळा उजेड बघून मला वाटेल की ही वाचत बसायची गोष्ट आहे, किंवा भुताची चाळ. गोष्टीसाठी आलेल्याला आत पझल दिसतं, तो निघून जातो. आणि पझलवाला मुळात क्लिकच करत नाही.

लघुवर्णनाला साधारण ३०० अक्षरं मिळतात. तिथे सरळ लिहा: 'दहा बाय दहाची खोली, सात माणसं, एक शिवणयंत्र आणि उद्या गणपती. सगळं बसवा, मोरीची वाट सोडा.' ट्रेलरमधली लोकल आणि लोगो शेवटी ढकला, पहिल्या सेकंदाला ट्रंक कॉटखाली सरकताना दिसू दे. पहिले चार स्क्रीनशॉट भरत जाणाऱ्या खोलीचेच ठेवा, कारण यादीत माउस नेला की तेच फिरतात. टॅग तर आजच बदला. वीसपर्यंत देता येतात आणि स्टीम कोणाच्या शेजारी तुम्हाला बसवणार ते त्यावरूनच ठरवतं. पझल, इन्व्हेंटरी मॅनेजमेंट (सामान नीट बसवणं), कोझी (निवांत, उबदार) हे वर हवेत. 'इंडी'ने कोणाला काय कळणार?

भांडुपचा भाऊ:

मित्रांचे रिव्ह्यू पानावर दिसतात, पण 'की'वर मिळालेल्या गेमचा रिव्ह्यू स्टीम स्कोअरमध्ये धरत नाही. २०१६ पासून हा नियम आहे. विकत घेतलेल्यांचे दहा झाले की 'पॉझिटिव्ह' वगैरे शिक्का लागतो, तोवर नुसता आकडा. गेमच्या शेवटी, गणपती बसल्यावर, एक ओळ टाका की आवडला तर लिहा.

मूळ किंमत उतरवू नका. सूट २० टक्के किंवा जास्त ठेवली तर विशलिस्टवाल्यांना ईमेल जातो. दोन सवलतींमध्ये सहसा ३० दिवसांचं अंतर लागतं, तेव्हा पान दुरुस्त झाल्याशिवाय ती गोळी झाडू नका.

पोटमाळा:

दोघांचे आभार. मोबाईलच्या कमेंटी खरंच आहेत, रात्रपाळी पैज जिंकले. टॅग आत्ता बदलले, लघुवर्णन तुमचंच उचलतेय (हरकत नसावी). पिवळा उजेड मात्र मी सोडणार नाही, निदान रंग तरी राहू देत.

कॅप्सूलवर अडलेय. भरलेली खोली काढली की सगळ्यात लहान आकारात नुसता लगदा दिसतो. नावही वाचता येत नाही.

रात्रपाळी:

खोली काढूच नका. दारात अडकलेलं शिवणयंत्र मोठं काढा, मागे आजी कमरेवर हात ठेवून, वर नाव जाड अक्षरात. उजेड पिवळा ठेवा, चालेल. कच्चं चित्र झालं की इथेच टाका, टपालतिकिटाएवढं करून बघू.