ऑइलचा लाल दिवा आणि इंजिनाची इतर दुखणी: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गेल्या महिन्यात गाडी सिग्नलला थांबली की ऑइलच्या झारीचा लाल दिवा लुकलुकायचा. रेस दिली की विझायचा. डिपस्टिक पाहिली तर ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं. पहिल्या मेकॅनिकने बॉनेट नीट उघडायच्या आतच "इंजिनकाम" असा निकाल दिला. दुसऱ्याने प्रेशर स्विच काढला आणि त्याच भोकात दाब मोजायचा साधा काट्याचा गेज लावला. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला सव्वा बार आणि २००० आरपीएमला साडेतीन. इंजिन ठणठणीत! दिवा साधारण अर्ध्या बारच्या खाली लागायला हवा, आमचा स्विच दीड बारलाच बोंबलत होता. स्विच बदलला, विषय संपला.

तुमचं निदान कसं झालं (किंवा कसं चुकलं), तेही येऊ द्या.

* * *

माझं नेमकं उलटं. दिवा लागला तेव्हा वाटलं, ऑइल कमी झालं असेल, घरी जाऊन टाकू. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो, हे बेअरिंगं खाल्ली गेल्यावर कळलं. पाचेक मिनिटंच चालवली असेन. आधी टॅपेट वाजले, मग खालून जड ठोका येऊ लागला. मेकॅनिकने एकेका सिलिंडरच्या कॉइलचा (प्लगला ठिणगी देते ती) कनेक्टर काढून पाहिलं. तिसऱ्याचा काढताच ठोका मऊ झाला, म्हणजे त्याच कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. उघडल्यावर तेच निघालं.

* * *

डिझेलवाल्यांनो, डिपस्टिकवर ऑइल वाढताना दिसलं तर माझ्यासारखे खूश होऊ नका. रोजचा प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा, त्यामुळे डीपीएफमधली (धुराच्या फिल्टरमधली) काजळी जाळण्याचं काम दर वेळी अर्धवट राहायचं. त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं. ऑइल पातळ, दाब कमी. डिपस्टिक नाकाशी धरली तर चक्क डिझेलचा वास! ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर दाब पूर्ववत. आता आठवड्यातून एकदा हायवेवर लांब चक्कर मारते.

* * *

आमच्याकडे अर्धा तास चालवल्यावर दाब पडायचा आणि गाडी दहा मिनिटं बंद ठेवली की परत यायचा. पंप बदलायचं ठरतच होतं, पण आधी चेंबर उतरवला. पंपाच्या गाळणीवर काळा चिकट गाळ. गाडी चालू असताना तो ओढला जाऊन जाळी बंद करायचा, बंद केली की सुटून खाली बसायचा. ऑइल बदलायला वर्षानुवर्षं टाळाटाळ केली होती, दुसऱ्या कोणाला काय बोलणार?

* * *

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली आणि हेड गॅस्केट गेलं, कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय म्हणून माझी झोप उडाली. कूलंट मात्र थेंबभरही कमी होत नव्हतं, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ, धूरही नाही. थंडीतल्या छोट्या फेऱ्यांची वाफ होती ती.

* * *

ऑइलचं नाही, पण मिसिंगचं (एखादा सिलिंडर नीट न पेटण्याचं) सांगतो. स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावली, कोड पी०३०३ झाला. चोर सापडला! कोड तिथेच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं. कम्प्रेशन कमी आलं तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा: वाढलं तर पिस्टनच्या रिंगा, नाही तर बहुधा व्हॉल्व्ह.

* * *

माझं कोडं सुटलेलं नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद टकटक, दिवाही तेवढाच वेळ रेंगाळतो. नंतर दिवसभर काही नाही. गेजवर दाब व्यवस्थित.

* * *

फिल्टर कुठला लावलाय? त्यातला ऑइल परत उतरू न देणारा रबरी पडदा कडक झाला, तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो.

* * *

मागच्या वेळी मिळेल तो स्वस्तातला लावला होता, खरं आहे. आज बदलतो, सकाळी कळवतो.